हरल्यानंतरचा दुसरा दिवस

दहावीचं वर्ष सुरू झालं की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता खेळ पुरे, अभ्यासाला लागा." आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं, "मैदानावर जी जिद्द दाखवतेस ना, ती जरा पुस्तकात दाखव." पहिलं वाक्य अमलात आणायला सोपं. बूट माळ्यावर टाकले की खेळ बंद. दुसरं बोलायला सोपं, करायला मात्र फार अवघड. जिद्द म्हणजे काही पीठ नव्हे, की या डब्यातून काढलं आणि त्या डब्यात भरलं. मुलांना आपण 'उतरव' म्हणतो, पण कशी उतरवायची ते सांगत नाही. कारण बहुतेक वेळा ते आपल्यालाही ठाऊक नसतं.

मैत्रिणींनो, गेल्या दोन-अडीच वर्षांत माझ्या नातीच्या निमित्ताने मला हे फार जवळून बघायला मिळालं. त्यातून जे उमगलं ते आज लिहिते आहे.

नात म्हणजे माझ्या लेकीची मुलगी. जावयांची बदलीची नोकरी, म्हणून पाचवीपासून ती आमच्याकडे सांगलीलाच आहे. सांगली, इचलकरंजी, फलटण हा सगळा खो-खोचा पट्टा. पाचवीत शाळेच्या मैदानावर गेली ती तिथलीच झाली. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण. थंडीत सहालाच दिवस मावळतो आणि सराव साडेसहापर्यंत चालायचा. मग मी डबाच मैदानावर न्यायला लागले. दशम्या, मुगाची उसळ आणि ताक. साडेपाचला सर तिला दहा मिनिटं मोकळी सोडायचे. लिंबाच्या झाडाखाली बसून ती जेवायची आणि मी खेळ बघायचे. त्यामुळे खो-खो मला बसल्या जागी शिकायला मिळाला.

ज्यांनी हा खेळ नीट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. मैदानात एका संघाचे नऊ जण. आठ जण मधल्या पट्टीत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करणारा. समोरच्या संघाचे मात्र सगळे एकदम येत नाहीत, तिघातिघांची तुकडी येते. पळणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून कसंही निसटता येतं. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही, मधली पट्टीही ओलांडता येत नाही. ज्या बाजूला जायचं असेल त्या बाजूला तोंड करून बसलेल्या सोबत्याला पाठीवर हात देऊन 'खो' म्हणायचं आणि त्याच्या जागी बसायचं. मोठ्यांच्या खेळात ही एक पाळी नऊ मिनिटांची असते. नऊ मिनिटं संपली की शिट्टी, आणि फळ्यावर गुण.

माझी नात पाठलागात पटाईत होती. खांबाजवळ सूर मारून गडी टिपायची. गुडघे, कोपरं कायम सोललेली. हरणं तिला अजिबात खपायचं नाही.

अकरावीत तिने कॉमर्स घेतलं. ऑगस्ट 2023 मध्ये सरावात खांबाला वळसा घालताना उजवा गुडघा मुरगळला. एमआरआय झाला, एसीएल नावाचा लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, किमान नऊ महिने मैदान नाही. दोन महिन्यांवर निवड चाचणी होती. तिच्या नावाची जागा दुसऱ्या मुलीला गेली.

भेटायला येणारी माणसं खाऊ आणायची आणि समजूतही घालायची. "जाऊ दे गं, झालं ते बऱ्यासाठीच. आता सगळा वेळ अभ्यासाला." पोरगी पलंगावर पाय लांब करून पडलेली असायची आणि भिंतीकडे बघायची. त्यांच्या दृष्टीने खेळ म्हणजे अभ्यासाच्या वाटेतला अडथळा होता, तो आपोआप दूर झाला. तिच्या दृष्टीने सहा वर्षांची मेहनत एका वळशात संपली होती.

महिन्याभराने ती वॉकर सोडून कॉलेजला जायला लागली आणि खरोखरच अभ्यासाला भिडली. रात्री एक-दीडपर्यंत दिवा चालू. घरातल्यांना वाटलं, बघा, जिद्द उतरली पुस्तकात. मला मात्र ते लक्षण बरं वाटेना. वर्गात एक हुशार मुलगी होती, दहावीला पंच्याण्णव टक्केवाली. ती किती तास वाचते, कोणता क्लास लावला आहे, तिच्या वहीत काय आहे, यातच हिचं निम्मं चित्त. घटक चाचणी झाली. बुक-कीपिंगमध्ये पंचवीसपैकी त्या मुलीला तेवीस, हिला नऊ. पेपर फाडून टाकला. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी मेथी निवडत बसले होते, तर शेजारी येऊन म्हणाली, "आज्जी, पुढच्या परीक्षेच्या वेळी ती आजारी पडली तर बरं होईल."

माझा हात थांबला. याच मुलीला मी मैदानावर पाहिलं होतं. समोरच्या संघातल्या पोरीच्या पायात गोळा आला तेव्हा धावत जाऊन तिचा पाय चोळणारी हीच. प्रतिस्पर्धी आजारी पडावा असं मैदानावर तिच्या मनात कधी आलं नव्हतं. मग वर्गात कसं आलं?

रागावण्यासारखी गोष्ट होती, पण रागावून काही हाती लागलं नसतं. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. बी.कॉम. झाले आहे, तेही चाळीस वर्षांपूर्वी. त्यामुळे काही उलगडेना की कागदाच्या मधोमध रेघ मारायची ही माझी सवय. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, रेघ मारली आणि तिला म्हटलं, "इकडे मैदान, तिकडे टेबल. मैदानावर काय होतं आणि टेबलावर काय नाही, ते लिही."

तिने लिहिलं. मैदानावर गुण लगेच कळतात, टेबलावर तीन महिन्यांनी. मैदानावर नऊ मिनिटं संपतात, टेबलावर काहीच संपत नाही. मैदानावर आठ जणी सोबत असतात, टेबलावर मी एकटी. मैदानावर चूक झाली की सर तिथल्या तिथे ओरडतात, टेबलावर चूक झालेली कळतच नाही. शेवटच्या ओळीशी ती बराच वेळ थांबली आणि मग लिहिलं, "मैदानावर जिला शिवायचं ती समोर असते. अभ्यासात कुणाला शिवायचंच नाही."

त्या शेवटच्या ओळीत सगळं आलं. मैदानावरच्या ईर्ष्येला नियमांची चौकट असते. समोर माणूस असतो, वेळ ठरलेली असते, शिट्टी वाजली की हात मिळवून घरी जायचं असतं. तीच ईर्ष्या चौकटीशिवाय टेबलावर आणून ठेवली, की ती कुणाला तरी धरू पाहते. शिवायला कुणी सापडत नाही, मग वर्गातली हुशार मुलगी सापडते. तिचे गुण तर आपल्या हातात नसतात. जे हातात नाही त्याच्याशी शर्यत लावली की माणूस एकतर खचतो, नाहीतर दुसऱ्याचं वाईट चिंतू लागतो.

तेव्हा पहिलं काम होतं ते प्रतिस्पर्धी बदलण्याचं. पुढे सी.ए. करायचं तिच्या मनात होतं, म्हणून मी तिला सी.ए. फाउंडेशनचा नियम दाखवला. चार पेपर, प्रत्येकी शंभर गुण. प्रत्येक पेपरात किमान 40 आणि चारही मिळून किमान 50 टक्के, म्हणजे 400 पैकी 200. हे करेल तो पास. शेजारणीला 380 पडले म्हणून तुझे 200 कमी होत नाहीत. सगळ्याच परीक्षा अशा नसतात. वैद्यकीय आणि इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला क्रमांक लागतो, तिथे दुसऱ्याचे गुण आडवे येतात. पण तिथेही टेबलावर बसल्यावर समोर असतं ते कालचं आपलंच पान. "काल दहा गणितांत चार चुकली होती ना? आज त्या चारला शिवायचं." हे तिला पटलं, कारण हे तिच्या भाषेत होतं.

दुसरं काम तुकड्यांचं. अभ्यासक्रम एकदम पाहिला की छाती दडपते. मी म्हटलं, तुम्ही नऊच्या नऊ जणींच्या मागे एकदम पळता का? मैदानात तिघीच येतात. तसे तीन धडे मैदानात घ्यायचे, बाकीचे बाकावर. एक बाद झाला तरी तिन्ही होईपर्यंत पुढची तुकडी आत घ्यायची नाही. भिंतीवर कागद लावला आणि बाद झालेल्या धड्यावर ती लाल खडूने फुली मारायला लागली. घसारा बाद. बँक जुळवणी पत्रक बाद. फळ्यावर गुण दिसायला लागले.

तिसरं वेळेचं. रात्री दीडपर्यंत बसणं बंद केलं. आमच्याकडे संध्याकाळी लवकर जेवणं आटोपतात, त्यामुळे सातनंतरचा वेळ मोकळा असतो. मी रोज सामायिकाला बसते ते दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटं. तेवढा वेळ मन एका जागी ठेवता येतं, हा माझा रोजचा अनुभव. तिचीही पाळी तेवढीच ठरवली. 48 मिनिटं अभ्यास, मग बारा मिनिटं उठून गुडघ्याचे व्यायाम. अशा तीन पाळ्या, आणि साडेदहाला दिवा बंद. फोन त्या वेळात माझ्या पोथीच्या कपाटात. सुरुवातीला कुरकुर झाली. पण ठरलेल्या वेळी सुरू होऊन ठरलेल्या वेळी संपणारी गोष्ट तिच्या अंगवळणी होतीच.

आणि चौथं, चुकांची वही. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सर प्रत्येक सामन्यानंतर कोण कशी बाद झाली ते लिहून ठेवायला लावत. खांबावर, सूर मारल्यावर, की स्वतःच सीमेबाहेर गेल्यामुळे. तीच सवय अभ्यासाला लावायची होती, आणि योगायोग असा की अकरावीच्या बुक-कीपिंगमध्ये 'चुकांची दुरुस्ती' नावाचा धडाच असतो. त्यात चुकांचे प्रकार दिलेले असतात. नोंद करायचीच राहून गेली, ती विसरचूक. नोंद केली पण आकडा किंवा बाजू चुकली, ती लेखनाची चूक. मुळात नियमच समजला नाही, ती तत्त्वाची चूक. आणि चौथा प्रकार मोठा गमतीचा. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि तेरीज बरोब्बर जुळते. तेरीज जुळली म्हणजे खाती बरोबर असतीलच असं नाही, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

आम्ही हेच चार रकाने आखले. गणित चुकलं की कोणत्या रकान्यात जातं ते तिनेच ठरवायचं. पंधरा दिवसांत लक्षात आलं की तत्त्वाच्या चुका फारशा नाहीतच, घाईने आकडा उलटा लिहिणं जास्त. चौथा रकाना आणखी शिकवून गेला. उत्तर बरोबर, पण रीत चुकीची, असंही ती प्रामाणिकपणे लिहायला लागली. फाडून टाकलेल्या पेपराच्या जागी आता नोंद होती. हार मोजता आली की ती तितकी मोठी वाटत नाही.

एकटेपणाचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. त्यासाठी मी तिला रॉजर बॅनिस्टरची गोष्ट सांगितली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचं नाव आपल्याकडे घेतात ते खाशाबा जाधवांमुळे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने तिथे कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये बॅनिस्टर हा इंग्लंडचा वैद्यकीय विद्यार्थी 1500 मीटर धावण्यात चौथा आला. पदकाची अपेक्षा होती, हुकलं. खेळ सोडून द्यावा असंही त्याच्या मनात आलं होतं. पण तो अभ्यास सांभाळून, रुग्णालयातल्या जेवणाच्या सुट्टीत सराव करत राहिला. एक मैल चार मिनिटांच्या आत धावायचा, जे तोवर कुणाला जमलं नव्हतं. चार मिनिटांचा आकडा डोंगराएवढा वाटतो. पण एक मैल म्हणजे त्या ट्रॅकच्या चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी साधारण साठ सेकंदांच्या आत. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डला त्याने 3 मिनिटं 59.4 सेकंदांत मैल पुरा केला. विक्रम त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. पण ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे हे दोन मित्र आळीपाळीने पुढे धावून त्याला वेग धरून देत होते. दीड महिन्यातच जॉन लँडी या ऑस्ट्रेलियन धावपटूने तो विक्रम मोडलाही. बॅनिस्टर त्याच वर्षाअखेर स्पर्धांमधून बाजूला झाला आणि पुढचं आयुष्य मेंदू-मज्जासंस्थेचा डॉक्टर म्हणून घालवलं.

नात म्हणाली, "म्हणजे त्यालाही खो द्यायला दोघं होते." पुढच्याच रविवारी वर्गातल्या दोघी आमच्या ओसरीवर अभ्यासाला आल्या. त्यातली एक होती तीच पंच्याण्णव टक्केवाली मुलगी. मी काही सुचवलं नव्हतं. हिला भागीदारीची गणितं समजून हवी होती आणि तिला अर्थशास्त्राचा एक धडा. मी तिघींना पोहे दिले आणि आत निघून गेले.

बारावीचं वर्ष तसं बरं चाललं होतं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांच्या आणि महिलांच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. मुलींनी चषक उचलला तेव्हा घरात टाळ्या वाजल्या, आणि माझ्या लक्षात आलं की ही टाळ्या वाजवतेय पण दुसऱ्या हाताने उजवा गुडघा दाबून धरला आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर विचारलं, "आज्जी, गुडघा गेला नसता तर मी कुठवर गेले असते?" याला उत्तर नसतं. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. जिद्द दुसरीकडे वळवली म्हणून आधीचं दुःख संपत नाही. ते आपल्या जागी राहतं, आणि त्याला राहू द्यावं. "आता कशाला ते आठवतेस" म्हणून दाबलं, तर ते रागाच्या रूपाने दुसरीकडून बाहेर येतं.

बारावीला चांगले गुण मिळाले. मे महिन्यात फाउंडेशनचे पेपर दिले. जुलैत निकाल लागला. एकूण 221. पण गणित-संख्याशास्त्राच्या पेपरात 36. चाळीसला चार कमी. नापास. आणि फाउंडेशनला काही विषय सुटले असं नसतं, चारही पेपर पुन्हा द्यायचे.

त्या संध्याकाळी ती भरपूर रडली. जेवली नाही. मी आग्रह केला नाही. फोन येत होते. एका नातेवाइकांनी तर फोनवरच म्हटलं, "खेळाडूंचं असंच असतं. बैठक नसते." मी नम्रपणे फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता ओसरीवर दिवा लागलेला दिसला. जाऊन बघते तर चुकांची वही उघडून बसली होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "सर काय म्हणायचे माहितीये? हरल्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाला जी वेळेवर येते, तिलाच मी खेळाडू म्हणतो." आणि मग विचारलं, "चार गुण कुठे गेले ते शोधायचंय. मदत करतेस?"

आम्ही दोघी हिशेबाला बसलो. तो पेपर शंभर पर्यायी प्रश्नांचा. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, प्रश्न सोडला तर काहीच नाही. तिने शंभरच्या शंभर सोडवले होते. उत्तरपत्रिका समोर नव्हती, पण 36 वरून उलटा हिशेब मांडता येतो. 49 बरोबर, 51 चूक. एक्कावन्न चुकांचे पावणेतेरा गुण गेले, राहिले सव्वाछत्तीस. आता बघा, त्या एक्कावन्नातले पंधरा प्रश्न तिने नुसते कोरे सोडले असते तर? 36 चुकांचे नऊ गुण वजा, आणि 49 मधून नऊ गेले की बरोबर 40. नवीन काहीही न शिकता ती पास झाली असती.

ती कागदाकडे बघतच राहिली. मग हसली, निकालानंतर पहिल्यांदाच. "आज्जी, हे फाऊल आहेत गं." पाठलागाच्या भरात दिशा मोडली की फाऊल होतो, पंच थांबवतात आणि हाताशी आलेला गडी निसटतो. तिला सोडायचं माहीतच नव्हतं. मैदानावर जो गुण, तोच इथे आडवा आला होता. हेही मला त्या दिवशी कळलं, की खेळातली प्रत्येक सवय जशीच्या तशी पुस्तकात चालत नाही. नऊ मिनिटांच्या पाळीत झोकून देणं कामाचं असतं. दोन तासांच्या पेपरात कुठे थांबायचं हे कळणं जास्त कामाचं.

पुढचे दहा आठवडे तिने सराव परीक्षांत एकच गोष्ट घोटली. पहिल्या फेरीत फक्त खात्रीचे प्रश्न. दुसऱ्या फेरीत जिथे दोन पर्याय बाद करता येतात तेवढेच. बाकीचे कोरे. कोरं सोडताना तिचा हात थरथरायचा, ती स्वतःच सांगायची. सप्टेंबरमध्ये पुन्हा चारही पेपर दिले. या खेपेला त्या पेपरात 58 आले आणि ती पास झाली. पुढच्या इंटरमिजिएटच्या परीक्षेचं ओझं याहून किती तरी मोठं आहे. तिथेही अडखळेल कदाचित. मला त्याची फारशी काळजी वाटत नाही.

कारण मला जे दिसलं ते असं. खेळाने तिला जिंकायची भूक दिली असं सगळे म्हणतात. ती भूक तर पहिल्या घटक चाचणीलाही होती, आणि तिने फाडलेला पेपर आणि कडवट मन एवढंच दिलं. कामाला आली ती दुसरीच गोष्ट, हरून झाल्यावर उठायची सवय. सहा वर्षांत ती शंभरदा तरी हरली असेल. दर वेळी दुसऱ्या दिवशी साडेचारला मैदानावर गेली. पहिलीपासून कायम पहिल्या आलेल्या मुलांना ही शिकवणी मिळतच नाही. त्यांची पहिली हार मोठ्या परीक्षेत होते, आणि तेव्हा काय करायचं ते त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

म्हणून ज्यांच्या घरी असा खेळणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्या आयांना आणि आज्यांना माझं सांगणं आहे. मुलाला अभ्यासाकडे वळवायचं असेल तर खेळाला नावं ठेवू नका. त्याला विचारा, हरल्यावर तुमचे सर काय करायला लावतात? तो जे सांगेल त्यातलं अभ्यासाला काय लागू पडतं आणि काय नाही, ते दोघांनी मिळून बघा. शेजारच्या मुलाचे गुण घरात बोलू नका. निकालाच्या संध्याकाळी उपदेश करू नका, रडू द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मदत मागितली तर, कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसा.

नात आता बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. गुडघ्याने पूर्वीसारखी साथ दिलेली नाही, खांबाचे वळसे अजून डॉक्टरांनी बंदच ठेवलेत. पण आठवड्यातून तीन दिवस ती संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाते आणि पाचवीच्या मुलींना खो द्यायला शिकवते. थंडी सुरू झाली आहे, दिवस लवकर मावळतो. त्यामुळे दशम्यांचा डबा पुन्हा सुरू झाला आहे. आता दोन जास्त द्याव्या लागतात, तिच्या पोरींना आवडतात म्हणे.